‘आजीचा अंगठा घेतलाय, आता विषय संपला’

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित शाळेत शिक्षणसेविका आहे. दुसरं वर्ष चालू आहे. सहावीतली एक मुलगी शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर वर्गातच घुटमळत राहिली. कबड्डीचा सराव घेणारे मानधनावरचे सर ‘पकड शिकवताना’ कुठे हात लावतात, साहित्याच्या खोलीत बोलावून काय म्हणतात, हे तिने मला सांगितलं. मी लगेच मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं. सोमवारी त्यांनी तिला कार्यालयात बोलावलं आणि संस्थेच्या सचिवांसमोर, आणखी दोन शिक्षकांसमोर सगळं पुन्हा सांगायला लावलं. तिथे ती ‘काही नाही झालं’ म्हणाली. तिचे आई-वडील ऊसतोडीला गेलेत, ती आजीकडे राहते. आजीला बोलावून ‘आमची काही तक्रार नाही’ अशा कागदावर अंगठा घेतला. बुधवारी सरांनी वैयक्तिक कारण दाखवून राजीनामा दिला. मुख्याध्यापक म्हणतात, ‘माणूस गेला, मुलीचं नाव झाकलेलं राहिलं, संस्थेचंही राहिलं. तुम्ही कशाला उकरून काढता?’ आई फोनवर म्हणाली, ‘सर म्हणतील तसं करा.’ माझ्याकडे पुरावा नाही, पालकांची तक्रार नाही आणि माझी नोकरीही पक्की नाही. मी बोलले आणि तिच्या आयुष्याचं वाटोळं झालं, तर त्याला जबाबदार मीच ना?

ताई,

पोलिसांना कळवा. हे सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखी बाब नव्हती, म्हणून तेवढं तुम्हाला आधीच कळवलं आहे. इथे सविस्तर लिहितो आहोत ते ‘का’ आणि ‘कसं’ यासाठी, आणि तुमच्यासारख्याच पेचात सापडलेल्या इतर शिक्षकांसाठीही.

पालकांची तक्रार नाही म्हणजे आपल्याला काही करता येत नाही, असं तुम्ही गृहीत धरलं आहे. प्रौढ माणसाच्या बाबतीत तक्रार करायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. १८ वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत कायद्याने हा निर्णय कुणाच्याच मर्जीवर ठेवलेला नाही. पॉक्सो कायद्याचं, म्हणजे मुलांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याचं, कलम १९ ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणतं. मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याची माहिती असलेल्या, किंवा तो होण्याची शक्यता वाटणाऱ्या कुणीही ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचीच आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दलची माहिती दडवली, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. प्रशिक्षक कायम होता की मानधनावर, याने तुमच्या जबाबदारीत काही फरक पडत नाही. आजीच्या अंगठ्यानेही पडत नाही. या गुन्ह्यात तडजोड करण्याची सोयच कायद्यात नाही. त्या कागदाला एकच किंमत आहे: उद्या खटला उभा राहिला तर आरोपीचे वकील तो मुलीविरुद्ध वापरतील. म्हणून तो कुणी लिहिला, कुणाच्या अक्षरात आहे, आजीला वाचून दाखवला होता का आणि त्या वेळी कोण कोण हजर होतं, हे तुमच्या जबाबात आलंच पाहिजे.

‘पुरावा नाही’ हीसुद्धा तुमची अडचण नाही. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही आणि मुख्याध्यापकांचं तर मुळीच नाही. तुम्हाला जे कळलं ते पोहोचवायचं, खरं-खोटं तपासातून आणि न्यायालयात ठरेल. तुमचा समज पुढे चुकीचा ठरला तरी प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, हे कलम १९ मध्येच लिहिलेलं आहे. खोट्या तक्रारीची शिक्षा आहे ती अपमान करण्याच्या, धमकावण्याच्या, बदनामीच्या किंवा पैसे उकळण्याच्या हेतूने केलेल्या तक्रारीला. मुलाने खोटं सांगितलं असं ठरलं तरी त्या मुलाला शिक्षा होत नाही.

आता सोमवारच्या त्या कार्यालयाबद्दल. शाळांच्या हातून मुलांचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं, आणि ते बहुधा ‘आधी आपण खात्री करून घेऊ’ असं म्हणत चांगुलपणाच्या आवेशात होतं. अकरा-बारा वर्षांची मुलगी टेबलापलीकडे उभी, समोर चार मोठी माणसं बसलेली. त्यातल्या दोघांच्या हातात तिचे गुण, एकाच्या हातात सगळ्यांच्या नोकऱ्या. ‘घाबरू नको, खरं सांग’ या वाक्याचा तिच्या कानाला अर्थ एकच लागतो: आपण खोटं बोलतोय असं यांना वाटतंय. अशा वेळी मुलं बहुतेकदा दोनपैकी एक करतात. गप्प होतात, नाहीतर ‘काही नाही झालं’ म्हणून सुटका करून घेतात. हे माघार घेणं नेहमीचं आहे, त्यावरून पहिलं बोलणं खोटं ठरत नाही. पण तिथे इतिवृत्त लिहिलं जातं, ‘विद्यार्थिनीने आरोप नाकारला’ असं एक वाक्य कागदावर येतं आणि तिच्या पहिल्या, मोकळ्या बोलण्याची तेवढी किंमत कमी होते. चार वेळा सांगायला लावलं की चार वेळी तपशिलात थोडा फरक पडतो. मोठ्यांच्याही पडतो. ‘विसंगती’ म्हणून न्यायालयात दाखवलं जातं ते हेच. शिवाय या चौकशीमुळे संबंधित माणसाला सावध व्हायला दोन-तीन दिवस मिळतात.

‘अंतर्गत चौकशी समिती नेमू’, ‘सखी सावित्री समितीपुढे ठेवू’ असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांगा की त्या समित्यांचं काम वेगळं आहे. सखी सावित्री समिती प्रतिबंधासाठी, जागृतीसाठी आहे. २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत समिती कामाच्या ठिकाणी स्त्रीच्या होणाऱ्या छळाची तक्रार ऐकते. मुलावरचा गुन्हा घडला की नाही हे ठरवण्याचा अधिकार दोघींनाही नाही, आणि पोलिसांकडे जाण्यासाठी त्यांच्या अहवालाची वाट पाहायची नसते. ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे अशी घटना मुख्याध्यापकांनी २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवायची आहे. तेही पोलिसांना कळवण्याच्या बदल्यात नव्हे, त्याबरोबर.

तो शासन निर्णय का निघाला, हे तुमच्या मुख्याध्यापकांनी विसरू नये. बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांच्या प्रकरणात पालकांना गुन्हा नोंदवायला कित्येक तास ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला लोक रेल्वेरुळांवर उतरले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पुढे शाळेच्या अध्यक्ष आणि सचिवांवर माहिती न कळवल्याबद्दल पॉक्सोखाली गुन्हा नोंदला गेला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना अटक झाली. त्याआधीचं चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचं वसतिगृह प्रकरण आठवा. तिथल्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर माहिती न दिल्याचा गुन्हा दाखल झाला होता. उच्च न्यायालयाने तो रद्द केला, पण २ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेकदा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचा प्रयत्न असतो, असं न्यायालयाने म्हटलं. संस्थेचं नाव राखण्याचा मार्ग म्हणून जो सांगितला जातो, त्याच मार्गाने संस्थाचालक आरोपी होतात. हा मुद्दा मुख्याध्यापकांना कळण्यासारखा आहे. कलमांपेक्षा लवकर कळेल.

त्यांच्याकडून आणखी एक वाक्य येण्याची शक्यता आहे: ‘कपड्यांवरूनच तर हात लावला.’ या युक्तिवादाचा निकाल लागलेला आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्वचेचा त्वचेला स्पर्श नसल्याच्या कारणावरून आरोपीला पॉक्सोच्या लैंगिक हल्ल्याच्या कलमातून सोडलं होतं. १८ नोव्हेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. स्पर्शामागचा लैंगिक हेतू महत्त्वाचा, मधलं कापड नव्हे. उलट मुलगी १२ वर्षांखालची असेल किंवा करणारा शाळेचा कर्मचारी असेल, तर हाच गुन्हा अधिक गंभीर प्रकारात जातो आणि किमान शिक्षा पाच वर्षं आहे. म्हणून तिची जन्मतारीख प्रवेश निर्गम नोंदवहीतून पाहून ठेवा.

राजीनाम्याने प्रश्न मिटला, हे तर सगळ्यांत धोक्याचं. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थेने कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करून घ्यायची आहे. पण पडताळणीत दिसतं ते नोंदलेलं. तुमच्या शाळेतून हा माणूस ‘वैयक्तिक कारणास्तव’ गेला, कदाचित अनुभवाचा दाखला घेऊन. शेजारच्या तालुक्यातली शाळा अगदी नियमाने पडताळणी करेल, ती स्वच्छ येईल आणि त्याच्या हाती नवा संघ दिला जाईल. जगभर संस्थांनी हेच केलं. चर्चने पाद्री एका गावातून दुसऱ्या गावात हलवले. ऑस्ट्रेलियात याच विषयावर नेमलेल्या शाही आयोगाने आपल्या २०१७ च्या अहवालात नोंदवलं की त्यांच्यापुढे आलेल्या पीडितांना आपल्यावरचा अत्याचार पहिल्यांदा बोलून दाखवायला सरासरी जवळजवळ २४ वर्षं लागली. तुमची विद्यार्थिनी एका शनिवारी बोलली. इतक्या लवकर बोलणारं मूल विरळा.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

आज रात्रीच एका कागदावर शनिवारचं सगळं लिहून काढा. प्रमाण मराठी करू नका. ती ‘सर अंगचटीला येत्यात’ म्हणाली असेल तर तसंच लिहा, शरीराच्या भागासाठी तिने वापरलेला शब्दही तसाच. तुम्ही काय विचारलं तेही लिहा. नमुना साधा आहे: ‘दि. … रोजी सकाळी सुमारे ११.४० वाजता, सहावीच्या वर्गात, इतर मुले गेल्यानंतर, … हिने मला सांगितले की “…”. मी “मग काय झालं?” एवढेच विचारले. ती म्हणाली “…”. त्याच दिवशी … वाजता मी मुख्याध्यापकांना तोंडी सांगितले.’ मग सोमवारची हकिकत, कार्यालयात कोण होतं, आजीला किती वाजता बोलावलं. शेवटी सही, तारीख, वेळ. तिला पुन्हा काही विचारू नका. मोबाइलवर तिचं बोलणं चित्रित करू नका. ते पुरावा म्हणून उपयोगी पडेल असं वाटतं, प्रत्यक्षात ती चित्रफीत तुमच्या नकळत फिरण्याचा धोकाच जास्त. मुख्याध्यापकांशी झालेलं बोलणं तोंडीच राहिलं असेल तर मुलीचं नाव न घालता त्यांना एक संदेश पाठवून ठेवा: ‘सर, शनिवारी मी आपल्याला जी बाब सांगितली ती कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे आवश्यक आहे.’ परवानगी मागू नका, ती लागत नाही.

मग पोलीस ठाणं. एकटीने जाऊ नका. विश्वासातली सहकारी, नाहीतर घरचं कुणी सोबत घ्या. जायला धीर होत नसेल तर १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी) किंवा ११२ (पोलीस मदत) वर फोन करा. माहिती तोंडी दिली तरी पोलिसांनी ती लिहून घ्यायची, तिला क्रमांक द्यायचा आणि तुम्हाला वाचून दाखवायची आहे. ‘आई-वडिलांना घेऊन या’ हे उत्तर हमखास मिळेल. त्यावर ‘कलम १९ प्रमाणे मी माहिती देते आहे, फिर्यादी मी होते’ एवढं म्हणा. ‘हद्द आमची नाही’ म्हणाले तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. प्रथम खबरी अहवालाची (एफआयआरची) प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंदच केली नाही तर तोच मजकूर स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पावती जपा. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. माहिती नोंदवून न घेणाऱ्या पोलिसालाही कलम २१ लागू आहे, हे बहुतेक ठाण्यांत ठाऊक असतं, आठवण करून द्यावी लागते. पाच-सहा दिवस गेले म्हणून घाबरू नका. तारखा खऱ्या सांगा, उशीर का झाला तेही सांगा. तारखा पुढे-मागे करण्यात मात्र खरा धोका आहे.

दोन गोष्टी पोलिसांना लेखी सुचवा: शाळेतल्या सीसीटीव्हीचा साठा ताब्यात घ्यावा, कारण जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, आणि सरावाची हजेरी, साहित्याच्या खोलीच्या किल्लीची नोंद व राजीनाम्याचा अर्ज तपासावा. यातलं काहीही तुम्ही स्वतः काढून घरी नेऊ नका.

यापुढचं मुलीच्या वाट्याला काय येईल, याची तुम्हाला खरी भीती आहे. आईशी बोलताना ‘केस करा’ ने सुरुवात करू नका. फडावरून फोनवर बोलणाऱ्या त्या बाईच्या डोळ्यांपुढे कोर्ट, खर्च, उचल फेडायची राहिलेली आणि मुलीचं लग्न एवढंच येणार. तिला काय होणार ते सांगा. जबाब घ्यायला पोलीस घरी किंवा मुलगी म्हणेल तिथे येतात, शक्यतो महिला अधिकारी आणि गणवेशाशिवाय. जबाबाच्या वेळी आई-वडील किंवा मुलीचा विश्वास असलेलं कुणीही जवळ असू शकतं. ते ‘कुणीही’ तुम्ही असू शकता. मुलीला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरकडूनच आणि कुणा विश्वासाच्या माणसासमोर. पोलीस २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवतात, आणि समिती खटला संपेपर्यंत सोबत राहणारी सहायक व्यक्ती देऊ शकते. ती आपोआप मिळेल अशी वाट पाहू नका, अर्ज करून मागा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. गुन्हा मनोधैर्य या पीडितांना अर्थसाह्य देणाऱ्या राज्य सरकारच्या योजनेत बसतो का, याची विचारणाही तिथेच करा. साक्ष बंद दालनात होते, आरोपी तिच्या समोर येणार नाही अशी व्यवस्था करावी लागते. एवढं सांगून झाल्यावर अवघड तेही सांगा. मुलीची साक्ष ३० दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षभरात असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, आणि गाव बोलतं. नावाबद्दलची भीती मात्र बरीचशी कायद्याने झाकलेली आहे. मुलीचं नाव, फोटो, घर, शाळा, ज्यावरून ओळख लागेल असं काहीही माध्यमांत आणलं तर कलम २३ खाली सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दंड, किंवा दोन्ही आहे. शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरही तिचं नाव लिहायचं नाही, कुणी लिहिलं तर ते ताबडतोब काढायला लावा.

तुमची नोकरी. इथे तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. प्रामाणिक माहितीला कायद्याचं संरक्षण आहे ते खटल्यापासून. सेवासमाप्तीपासून ते तुम्हाला आपोआप वाचवत नाही, आणि शिक्षणसेवकाच्या काळात ‘काम समाधानकारक नाही’ एवढं कारण संस्थेला पुरतं. म्हणून क्रम महत्त्वाचा. पोलिसांकडची नोंद आधी, त्यांचा मेमो नंतर, असं तारखांवरून दिसलं पाहिजे. आजवरचे पाठ निरीक्षणाचे शेरे, निकाल, हजेरी यांच्या प्रती घरी आणून ठेवा. शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या. कोऱ्या कागदावर, ‘गैरसमज झाला’ अशा खुलाशावर किंवा मागच्या तारखेच्या राजीनाम्यावर सही करू नका. काढल्याचा आदेश हातात आलाच तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. पहिल्याच आठवड्यात वकील गाठा. स्त्री म्हणून तुम्हालाही विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. गप्प राहिलात तर नोकरी सुरक्षित राहील, हेही धरून चालू नका. प्रकरण पुढे कधी फुटलं तर ‘मुलीने सर्वांत आधी कुणाला सांगितलं?’ याचं उत्तर तुमचं नाव असेल, आणि मुख्याध्यापक ‘मला कुणी कळवलंच नाही’ म्हणायला मोकळे असतील.

हे वाचणाऱ्यांपैकी काहींवर लहानपणीच असा प्रसंग आलेला असेल आणि आता वय उलटून गेलं असेल. पॉक्सोखालची तक्रार मोठेपणी करायला मुदतीची आडकाठी नाही, हे केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. कायदा १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झाला. त्याआधीच्या घटनेला त्या वेळच्या दंड संहितेची कलमं लागतात. मोठ्यांच्या बाबतीत मात्र करायची की नाही हा निर्णय त्यांचाच.

मुलगी उद्या शाळेत आली तर तिच्याशी तुम्ही नेहमीसारखंच वागा. वेगळं बसवणं नको, ‘बिचारी’ नको, सराव बंद केला असेल तर तो दुसऱ्या शिक्षिकेकडून सुरू करा म्हणून आग्रह धरा, नाहीतर ‘हिच्यामुळे कबड्डी बंद झाली’ हे आठ दिवसांत वर्गात पोहोचतं. ‘तू मला सांगितलंस ते बरं केलंस, पुढचं मोठी माणसं बघतील’ एवढं एकदा म्हणा. आणि आजीला आधीच सांगून ठेवा: ‘मुलीचा दाखला काढून न्या, तिकडेच घाला’ असा निरोप शाळेकडून येईल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत शाळा तिला काढू शकत नाही. दाखला हवा असा अर्ज घरच्यांनी केला तरच तो निघतो, त्यामुळे यापुढे तुम्हाला विचारल्याशिवाय कुठल्याही कागदावर अंगठा नाही.